दोन साडू आणि हलणारा दिवा

मिस्त्रींची कंबर गेली आणि गॅरेजचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. कंबर एकदम गेली नाही. आधी ती वाकेना, मग वाकली तर सरळ होईना, आणि एके दिवशी एका स्कूटरखालून त्यांना दोघांनी धरून बाहेर काढलं तेव्हा मिस्त्रींनी जाहीर केलं, की आजपासून आपण खुर्चीत बसून सांगणार, वाकायचं काम जावयांचं.

जावई दोन. मुलगा नव्हता, मुली दोन होत्या, आणि मिस्त्रींनी दोघींसाठी स्थळं बघताना मुलाचं शिक्षण वगैरे न विचारता हातांची नखं बघितली होती. ज्याच्या नखांत काळं ग्रीस, तो पसंत. थोरले जावई बावीस वर्षं गॅरेजात होते. धाकटे तीन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी सोडून आले होते, आणि येताना तिथली शिस्त सोबत घेऊन आले होते.

थोरले कानानं काम करायचे. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक गाडीला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि आतलं ऐकत बसायचं. गल्लीत त्यांना डॉक्टर म्हणत. धाकटे कागदानं काम करायचे. खिशात वही, वहीत तक्ते, कानावर पेन्सिल. त्यांना गल्ली प्रोफेसर म्हणायची. दोघांनाही ही नावं थट्टेची आहेत हे माहीत नव्हतं.

घर गॅरेजच्या मागेच होतं, मधे एक दार. दाराच्या ह्या बाजूला मिस्त्री जावयांना ‘तू’ म्हणायचे आणि गरज पडली तर ‘गाढवा’सुद्धा. दार ओलांडून जेवायला बसले, की तेच जावई ‘जावईबापू’ व्हायचे आणि त्यांना ‘अहो, घ्या ना अजून थोडं’ असा आग्रह सुरू व्हायचा. थोरल्यांना बावीस वर्षांत ह्याची सवय झाली होती. धाकट्यांना अजून दारातून जाताना जरा झटका बसायचा.

गॅरेजचा एक नियम होता. गाडी आली की आधी फळ्यावर खडूनं रोग लिहायचा, मगच पान्याला हात लावायचा. उघडून, बघून तर कुणीही सांगेल, असं मिस्त्रींचं म्हणणं. दोघांची मतं वेगळी असतील तर दोन ओळी लिहायच्या. गाडी नेताना गिऱ्हाइकानं चुकीची ओळ आपल्या हातानं पुसायची आणि बरोबर असलेल्या ओळीखाली सही करायची. जे फळ्यावर लिहिलेलं नाही, ते गाडीला लावायचं नाही. साधा स्क्रूसुद्धा नाही.

ह्या नियमामुळे गॅरेजचं नाव झालं होतं. पण एक गोष्ट अशीही झाली होती, की फळ्यावर लिहिलेलं कधी चुकतच नसे. क्लच वायर असं लिहिलं, की क्लच वायर बदलली जायचीच. मग खरा रोग दुसरीकडे कुठे असेल तर तो वायरीच्या आडून, कुणाचं लक्ष नसताना बरा केला जायचा.

सोमवारी दुपारी चष्मेवाले आले. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान त्यांचं. मोटरसायकल ढकलतच आणली.

“दिवा हलतो,” ते म्हणाले.

“ढकलत का आणलीत? चालू होत नाही?” थोरल्यांनी विचारलं.

“चालू होते. पण दिवा हलतो ना. समोरचा खड्डा एकाचे तीन दिसतात. काल संध्याकाळी मी मधला चुकवला आणि खऱ्यात गेलो.”

“डोळे तपासलेत का तुम्ही?” धाकट्यांनी वही उघडत विचारलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी,” ते म्हणाले, “दिवसाला वीस लोकांचे तपासतो.”

“स्वतःचे?”

“अहो, दिवा हलतो म्हटलं ना!”

मिस्त्री खुर्चीतून सगळं ऐकत होते. त्यांनी दोन्ही जावयांकडे पाहिलं आणि ते बरेच दिवस पोटात ठेवलेलं बोलले. “ह्या गाडीवर ठरवून टाकू. ज्याचा खडू बरोबर, त्याच्याकडे गॅरेजची किल्ली. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राहायचं. शनिवारी गाडी द्यायची.”

चष्मेवाले म्हणाले, “शनिवार? मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तुमचं आहे. आमचं नाही,” मिस्त्री म्हणाले.

थोरल्यांनी बाकाकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्या बाकावर पाने मांडले, त्याच बाकापाशी उद्या प्रोफेसरला विचारून उभं राहायचं? त्यांची बायको दारातून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “ऐका. मी माझ्या धाकट्या बहिणीला मालकीणबाई म्हणणार नाही. लहानपणी तिची वेणी मी घातलीय.”

थोरल्यांनी गाडी काढली आणि रस्त्यावर एक चक्कर मारली. तक्रार खरी होती. दिवा मान हलवत होता, एखाद्याला काहीच पटत नसल्यासारखा. ते परत आले, गाडी आत घेतली, मेन स्टँडवर चढवली आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला वळले.

वळताना एक गोष्ट घडली, ती त्यांच्याही लक्षात आली नाही. थोरल्यांच्या बोटांना एक खोड होती. ढिला स्क्रू दिसला, की बोटं तो परस्पर आवळायची, डोक्याला न विचारता. मेहुणीच्या लग्नात फोटोसाठी उभे असताना त्यांनी फोटोग्राफरच्या ट्रायपॉडचा स्क्रू आवळला होता, आणि फोटोत त्यांच्या जागी फक्त एक कोपर आलं होतं. आताही खिशातला दहा नंबरचा पाना निघाला, दिव्याच्या डाव्या बोल्टवर बसला, दीड फेरा फिरला आणि खिशात परत गेला. थोरले तेव्हा किल्ली, हाताखाली राहणं आणि वेणी ह्यांचा विचार करत होते.

गाडी तिथेच नीट झाली. पुढचे पाच दिवस जे काही झालं, ते एका धडधाकट गाडीवर झालं.

थोरल्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हँडलच्या मानेला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. इंजिन बंद होतं, तरी आतून स्पष्ट आवाज येत होता. खर्रर्र, धप्. खर्रर्र, धप्. ते उठले आणि फळ्यावर लिहिलं: कोनसेट. म्हणजे हँडलच्या मानेतल्या गोळ्या.

“बंद गाडीत आवाज?” धाकट्यांनी विचारलं.

“ऐकायला कान लागतो, साडू.”

धाकट्यांनी वाद घातला नाही. समोरच्या भिंतीवर त्यांनी खडूनं फुली काढली, फूटपट्टीनं जमिनीपासूनची उंची मोजली, वहीत लिहिली आणि गाडीचा दिवा लावला. भिंतीवर पिवळं वर्तुळ पडलं. ते फुलीभोवती थरथरत होतं. “मिलिमीटरमध्ये मोजता येईल असं हलतंय,” ते समाधानानं म्हणाले आणि दुसरी ओळ लिहिली: पुढचं चाक, रिम वाकडी.

गॅरेजात आजवर कुणी भिंतीवर उजेड पाडून बघितलं नव्हतं. मिस्त्रींनाही ते आवडलं. सगळे उभे राहून वर्तुळ बघत राहिले.

मंगळवारी कोनसेट बदलला. हँडल इतकं घट्ट बसलं, की वळवायला खांदा लावावा लागे. दिवा लावला. वर्तुळ थरथरत होतं.

“नव्या गोळ्या आहेत,” थोरले म्हणाले. “बसायला वेळ लागतो.”

त्यांनी गाडी परत रस्त्यावर नेऊन आणली आणि ओरडतच आत आले, “हलत नाही! बाहेर हलत नाही!”

“बाहेर रस्ता हलवतो, दादा,” धाकटे म्हणाले. “तिथे तुमचं डोकंही हलतं, डोळेही हलतात. सगळं एकदमच हलत असेल तर दिवा हलतोय हे कळणार कसं? भिंत खोटं बोलत नाही.”

थोरल्यांना हे पटलं नाही. पण भिंत खरंच समोर होती आणि वर्तुळ खरंच थरथरत होतं.

बुधवारी धाकट्यांनी पुढचं चाक काढलं. एकेक आरा पिळून रिम अशी सरळ केली, की तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवून फिरवावा. तोवर गाडीचं तोंड एका लाकडी ठोकळ्यावर टेकवलं होतं. सहज म्हणून त्यांनी दिवा लावला. वर्तुळ थरथरलं.

“चाकच नाहीये,” थोरले म्हणाले.

“दिसतंय मला.”

“मग चाकामुळे कसं हलेल?”

धाकट्यांनी वहीत बराच वेळ शोधलं. “बरेच दिवस वाकडं चाक राहिलं,” ते शेवटी म्हणाले, “तर तो दोष फ्रेममध्ये उतरतो.”

मग फ्रेम मोकळी करावी लागली. टाकी उतरली, सीट उतरली, इंजिन उतरलं. काढलेला प्रत्येक भाग मिस्त्रींसमोर सतरंजीवर ओळीनं ठेवायचा अशी पद्धत होती. जोडताना सतरंजीवर काही उरता कामा नये आणि सतरंजीवर नसलेलं काही गाडीत जाता कामा नये. गुरुवार सकाळपर्यंत सतरंजी पुरेनाशी झाली. सासूबाईंनी आतून एक चादर आणून टाकली आणि म्हणाल्या, “ही धुऊन पाहिजे मला. आणि माणसासारखी घडी घालून.”

चष्मेवाले रोज साडेपाचला दुकान बंद करून यायचे आणि रोज त्यांची गाडी कालच्यापेक्षा कमी झालेली असायची. गुरुवारी बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडलेला नुसता दिवा राहिला होता, दोन वायरींनी बॅटरीला जोडलेला.

“हा माझा दिवा ना?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “हा तर हलतोय.”

“म्हणजे तुमची तक्रार खरी होती,” धाकटे म्हणाले.

“आणि बाकीची गाडी?”

“तिच्यात दोष नाही. म्हणून बाजूला काढलीय.”

पण हे संध्याकाळचं झालं. त्याआधी दुपारी एक प्रकार घडला होता.

दुपारी एक ते दोन सगळे आत जेवायला जायचे, वर्षानुवर्षं. गुरुवारी थोरले गेले नाहीत. भूकच मेली होती. एक वाजायच्या जरा आधी बायको चहा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. थोरल्यांनी तिच्या हातात टॉर्च दिला आणि भिंतीवर धरायला सांगितलं. म्हटलं, बघू तरी.

“हाही हलतोय,” ते खचून म्हणाले. “तुझा हात हलतोय का?”

“तुमच्याजवळ उभं राहिलं, की बाकी काय होणार?” ती टॉर्च ठेवून जेवायला निघून गेली.

थोरले एकटे उरले. दिव्याकडे बघता बघता त्यांचा संयम सुटला. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि दिव्याच्या टाळक्यात एक हाणली.

वर्तुळ थांबलं.

थोरल्यांनी डोळे चोळले. वर्तुळ भिंतीवर चिकटवल्यासारखं स्थिर होतं. ते पाच मिनिटं श्वास रोखून बसले. दहा मिनिटं बसले. मग एका पायात चप्पल, एक हातात, असे ते मधल्या दारातून आत धावले.

“थांबला! मामा, दिवा थांबला! चला!”

“जावईबापू,” मिस्त्री घास हातात धरून म्हणाले, “आधी बसा. जेवा. पानावरून उठत नाहीत.”

“अहो, थांबलाय तो!”

“थांबलाय ना? मग कुठे जात नाही. अगं, ह्यांना वाढ.”

घरात मिस्त्री ‘अहो’ म्हणत असले तरी ऐकून घेत नसत. थोरल्यांना बसावं लागलं. सासूबाईंनी वाढलं, परत वाढलं, नको म्हटल्यावर आणखी वाढलं. मिस्त्रींची कंबर सरळ व्हायला नेहमीचा वेळ लागला. सगळे गॅरेजात पोचले तेव्हा दोन वाजून दोन मिनिटं झाली होती, आणि वर्तुळ मजेत थरथरत होतं.

“आत्ता थांबला होता,” थोरले म्हणाले. “मी मारली आणि थांबला.”

“काय मारलीत?” धाकट्यांनी पेन्सिल काढली.

“...चप्पल.”

धाकट्यांनी लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: “चपलेचा उपाय. परिणाम तात्पुरता.”

त्या संध्याकाळी थोरल्यांनी दिव्याला अकरा वेळा चप्पल मारली. डाव्या पायातलीही मारून पाहिली.

शुक्रवारी एकच्या सुमाराला ते परत एकटे बसले. ह्या वेळी चप्पल पायातच होती. त्यांनी काही केलं नाही, नुसते बघत बसले. एक वाजला आणि वर्तुळ आपसूक थांबलं. बाकावर पाण्याचा ग्लास होता. त्याच्यातलं पाणीही थांबलेलं होतं, काचेसारखं. थोरल्यांनी बावीस वर्षांत ह्या बाकावर सपाट पाणी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम फार शांत वाटलं, आणि आपल्याला शांत वाटतंय ह्याचीच भीती वाटली.

दोन वाजता भिंतीपलीकडे घंटा झाली. माणसं बोलत आत गेली. मग खर्रर्र, धप्. ग्लासात एकात एक गोल उठले आणि भिंतीवरचं वर्तुळ नाचायला लागलं.

पलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. तिथलं पुठ्ठा कापायचं मशीन गॅरेजहूनही जुनं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं आणि एक ते दोन बंद असायचं. त्याच एका तासात गॅरेजही जेवायला जायचं. त्यामुळे मिस्त्रींच्या घरातल्या कुणीही आपलं गॅरेज थांबलेलं कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय होती, चहा पाऊणच ओतायची सवय होती, आणि हे सगळं आपल्या घराण्याचं वळण आहे असा समज होता.

थोरल्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टोक सरळ भिंतीला लावलं. मूठ कानाला. खर्रर्र, धप्. कोनसेटचाच आवाज.

म्हणजे मंगळवारी रस्त्यावर दिवा खरंच हलत नव्हता. मग सोमवारी का हलत होता? त्यांनी दिव्याची पट्टी उजेडात धरली. डाव्या बोल्टखाली धातू गोल घासून चकचकीत झाला होता. बोल्ट बरेच दिवस ढिला होता आणि बोल्ट आपोआप फिरू नये म्हणून खाली घालतात तो स्प्रिंग वॉशर नव्हता. मग तो आवळला कुणी? थोरल्यांनी खिशात हात घातला. खिशात दहा नंबरचा पाना होता. बोटांनी डोक्याला पहिल्यांदाच हिशोब दिला.

गाडी त्यांनीच नीट केली होती. पण हे सांगायचं म्हणजे तीन गोष्टी कबूल करायच्या. खडूच्या आधी पाना लावला, ही एक. कोनसेट चूक, ही दुसरी. आणि तिसरी अशी, की ज्या कानाला गल्ली डॉक्टर म्हणते, तो कान पाच दिवस खोक्यांचा कारखाना ऐकत होता. तिसरी सगळ्यात जास्त झोंबत होती.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं.

“गाडी तुम्हीच नीट केलीत ना?” तिनं विचारलं.

“हो, पण—”

“पण काय? फळ्यावर तुमची ओळ, गाडी नीट. तोंड शिवून बसा शनिवारपर्यंत. जमेल?”

शनिवारी सकाळपासून जोडणी झाली. मिस्त्री खुर्चीतून एकेक भाग मोजत होते. सतरंजीवरून गाडीत, चादरीवरून गाडीत. दिवा धाकट्यांनी बसवला आणि दोन्ही बोल्ट वहीत लिहिलेल्या जोरानं आवळले. थोरले शेजारी उभे होते. त्यांच्या मुठीत एक स्प्रिंग वॉशर होता आणि मुठीला घाम आला होता. पण वॉशर फळ्यावर नव्हता, म्हणून सतरंजीवर नव्हता, म्हणून गाडीत जाऊ शकत नव्हता.

साडेपाचला चष्मेवाले आले. अख्खी गाडी बघून त्यांना ओळख पटायला एक क्षण लागला. धाकटे भिंतीवरची फुली दाखवायला निघाले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “भिंत पुरे आता. ज्याची गाडी त्याला चालवू दे.”

चष्मेवाले दिवा लावून टोकापर्यंत गेले आणि परत आले. “हलत नाही,” ते म्हणाले. “एकदम शांत.”

“मग सांगा, ह्यातलं कुठलं?” मिस्त्रींनी फळ्याकडे बोट केलं. “चूक ते पुसा.”

चष्मेवाले फळ्यापासून मोजून काही पावलं मागे सरकले. आधी एक डोळा झाकून दोन्ही ओळी वाचल्या, मग दुसरा झाकून. सवयच ती. “पहिलं बरं की दुसरं बरं,” ते पुटपुटले, “हे मी रोज लोकांना विचारतो. मला कुणी विचारलं नव्हतं कधी.”

धाकट्यांनी वही छातीशी धरली होती. मधल्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून, एकमेकींकडे न बघता.

“हँडल आता फार जड वळतंय,” चष्मेवाले म्हणाले. “आधी भुर्रकन् वळायचं. म्हणजे जे काही केलंत, ते हँडललाच केलंत. कोनसेट.” त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि रिमची ओळ पुसली.

झालं. थोरले जिंकले. थोरलीनं तिथूनच आवाज दिला, “चहा टाकते हं सगळ्यांना!” धाकटीनं पदर सारखा केला. चष्मेवाल्यांनी सहीसाठी खडू उचलला.

थोरल्यांची नजर फळ्यावर नव्हती. ती डाव्या बोल्टवर होती. आठ दिवस टिकेल, फार तर दहा. मग तो परत फिरायला लागेल, दिवा मान हलवायला लागेल, आणि चष्मेवाले गाडी ढकलत इथे येतील. फळ्यासमोर उभे राहतील, स्वतःच्या सहीवर बोट ठेवतील. आणि तेव्हा मिस्त्रींच्या खुर्चीत कोण बसलेलं असेल?

“एक मिनिट,” थोरले म्हणाले. “काच जरा पुसून देतो.”

ते फडकं घेऊन दिव्यापाशी बसले. फडक्याखाली पाना, मुठीत वॉशर. बोल्ट काढायचा, वॉशर सरकवायचा, परत लावायचा. दहा सेकंदांचं काम. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. पण धाकट्यांनी तो वहीप्रमाणे आवळला होता, त्यामुळे जोर लावावा लागला. बोल्ट एकदम सुटला, फडक्यातून निसटला आणि टणटण करत फरशीवरून गेला. दिव्यानं लाजल्यासारखी मान खाली घातली. बोल्ट घरंगळत मिस्त्रींच्या खुर्चीपाशी पोचला. मिस्त्रींनी त्याच्यावर पाय ठेवला.

“काच पुसताना बोल्ट कसा निघाला रे?”

थोरले एका हातानं फडक्याची घडी घालायला लागले.

“मूठ उघड.”

मूठ उघडली. वॉशर तळव्याला चिकटला होता.

“हा फळ्यावर नाही.”

“नाही, मामा.”

“मग?”

मग थोरल्यांनी सगळं सांगून टाकलं. दीड फेरा, खडूच्या आधी. कोनसेट, उगाच. कारखाना. दारातली थोरली चहा टाकायला गेली नव्हती. तिनं कपाळावर हात मारला.

मिस्त्रींनी दोन्ही हातांचे तळवे जमिनीच्या दिशेनं पसरले, काहीतरी जोखल्यासारखे. “म्हणजे ही थरथर पलीकडची आहे?” ते म्हणाले. “मी दोन वर्षं गोळ्या खातोय तिच्यासाठी.”

“तरी मी म्हणत होते,” सासूबाई आतून म्हणाल्या, “बहिणीकडे राहायला गेलो, की ह्यांना बरं वाटतं.”

धाकट्यांचा आवाज चढला. “म्हणजे दादांचंही चुकलं! माझी ओळ पुसली, तशी त्यांचीही पुसा. नियम म्हणजे नियम.”

“पुस,” मिस्त्री म्हणाले.

धाकट्यांनी कोनसेट पुसला. फळा कोरा झाला. चष्मेवाले खडू धरून उभेच होते. सही कुठे करायची ते त्यांना कळेना.

“जिंकला होतास की तू,” मिस्त्री थोरल्यांना म्हणाले. “मग कशाला उठलास मरायला?”

“बोल्ट परत ढिला झाला असता.”

“झाला असता तर झाला असता. ह्यांना रस्त्यात काही होईल म्हणून?”

थोरल्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं आणि शोभलंही असतं. “नाही,” ते म्हणाले. “ह्यांचा विचारच नाही आला डोक्यात.”

“धन्यवाद,” चष्मेवाले म्हणाले.

“गाडी परत आली असती, मामा. सही असलेली. सगळ्यांसमोर.”

“म्हणजे भ्यालास.”

“हो.”

“किती?”

“पाय लटपटले. आणि ते मशीनमुळे नव्हतं.”

मिस्त्रींनी कंबरेला हात लावला आणि करदोट्याची किल्ली सोडायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना. “बावन्न वर्षं,” ते गाठीशी झटापट करत म्हणाले, “रोज सकाळी शटर वर करताना मी आधी खालच्या फटीतून बघायचो. काल दिलेल्या गाडीचं चाक परत आलेलं दिसतंय का बाहेर. बाकी सगळं येतं रे माणसाला. पाना काय, कुणालाही शिकवता येतो. धर.”

थोरल्यांनी किल्ली धरली. करदोट्यासकट धरावी लागली, कारण गाठ सुटली नव्हती. थोडा वेळ सासरे आणि जावई एकाच दोऱ्याला लागून उभे होते. शेवटी धाकटीनं आतून कात्री आणून दिली.

“आणि मला भीती नाही वाटत?” धाकटे म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

“तुझ्याकडे वही आहे,” मिस्त्री म्हणाले. “चुकलं तर वही चुकते. तू शांत झोपतोस.”

ह्यावर धाकट्यांनी वही उघडली, पण त्यात ह्याचं उत्तर नव्हतं. मग त्यांनी किल्लीकडे बघितलं, नंतर थोरल्यांकडे. बोलायला जड गेलं, पण बोलले. “आता? वॉशर तर फळ्यावर नाहीये.”

“लिहा की,” थोरले म्हणाले. “तुमचं अक्षर चांगलं आहे.”

धाकट्यांनी लिहिलं: दिव्याचा डावा बोल्ट ढिला, वॉशर नाही. लिहून झाल्यावर एक पाऊल मागे येऊन ओळ सरळ आली आहे का ते पाहिलं. थोरल्यांनी वॉशर घालून बोल्ट लावला, मग धाकट्यांनी तो परत आवळून पाहिला, मग थोरल्यांनी. चष्मेवाल्यांनी ह्या वेळी सही करायच्या आधी स्वतः बोटानं दिवा हलवून बघितला.

“त्या कोनसेटचं काय करू मी?” त्यांनी विचारलं. “वळता येत नाहीये मला.”

“सरळ रस्त्यानं जा आज,” मिस्त्री म्हणाले. “सोमवारी या.”

“नको,” चष्मेवाले घाईनं म्हणाले. “मी शिकेन वळायला.”

ते गाडीवर बसले, दिवा लावला आणि निघाले. गॅरेजातले सगळे रस्त्यावर आले आणि त्यांच्या मागे बघत उभे राहिले, मिस्त्रीसुद्धा, कंबर धरून. मागून पुढचा दिवा दिसत नाही, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. तरी चष्मेवाले त्या जड हँडलशी झगडत कोपऱ्यावरून वळेपर्यंत कुणी आत गेलं नाही.